करंगळीएवढी बॅटरी

निकोलासाचा आवाज नदीच्या पल्याड ऐकू जातो, असं सान रोके गावात म्हणायचे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. होड्या लागायच्या त्या धक्क्यावर ती वर्षानुवर्षं गोड पदार्थ विकायला बसायची. पाकात मुरवलेल्या लिंबाच्या साली, पपईच्या फोडी, नारळाच्या वड्या. गिऱ्हाईक होडीतून उतरायच्या आत त्याचं नाव, गाव, लग्न झालंय का आणि झालं असेल तर कोणाशी, हे सगळं तिनं काठावरूनच विचारून घेतलेलं असायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लोक म्हणत, बिचाऱ्याला घरात शेवटचा शब्द बोलायला एकदाच मिळाला, तोही मरताना. आणि निकोलासा म्हणायची, तोसुद्धा त्यानं नीट उच्चारला नाही.

अशा बाईच्या घशात काटा अडकला. तोही गुड फ्रायडेच्या दुपारी, जेव्हा गावात एक दुकान उघडं नव्हतं, एक होडी चालत नव्हती आणि दवाखान्यातला डॉक्टर सणाला आपल्या घरी गेला होता.

घरात माणसं तीन. निकोलासा, तिची मुलगी एल्व्हिया आणि जावई आर्सेनियो. आर्सेनियो वरच्या थंड डोंगरातला. तिकडच्या माणसाला नदीकाठचे लोक 'कचाको' म्हणतात, आणि त्या एका शब्दात मंदपणा, नको तितकं सभ्य वागणं आणि नाचता न येणं हे सगळं येऊन जातं. तो शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायचा. मुलांना तो 'आपण' म्हणायचा. कुत्र्यालाही 'आपण' म्हणायचा. दारात पसरलेल्या कुत्र्यासमोर उभं राहून तो म्हणे, "आपण जरा बाजूला होता का?" की आतून निकोलासा ओरडायची, "अरे, पाय उचल आणि ओलांडून ये! का त्याला अर्ज लिहून देणार आहेस?"

हाताचं काम त्याला येत नव्हतं. त्यानं अंगणात बांधलेला दोरीचा झुला पहिल्याच दिवशी निकोलासाला घेऊन खाली आला होता, आणि ही गोष्ट धक्क्यावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ होती.

त्या शुक्रवारी दुपारी तिघं जेवायला बसली. गुड फ्रायडेला चूल पेटवायची नाही, सुरी धरायची नाही, खिळा ठोकायचा नाही, सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. नदीत उतरायचं तर नावच नको, त्या दिवशी पाण्यात शिरणाऱ्याचा मासा होतो. म्हणून सगळं आदल्या दिवशीच शिजवून ठेवलेलं. कच्ची केळी आणि कंद घालून केलेलं बोकाचिकोचं कालवण होतं, भात होता, आणि शेजारपाजारहून आलेल्या गोडाच्या बशा टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. कोनफळाची खीर, तुरीच्या दाण्यांचं गोड, पपईचा दाट मुरंबा.

बोकाचिको हा नदीतला मासा चवीला असा की जेवणारा बोलायचं विसरतो. पण देवानं त्याच्या अंगात मांसापेक्षा काटेच जास्त घातलेत. केसासारखे बारीक, टोकाला दुभंगलेले. नदीकाठची माणसं ते काटे तोंडातल्या तोंडात वेगळे करून ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढतात, बोलता बोलता. आर्सेनियोला ते कधीच जमलं नाही. तो ताटात मासा पसरायचा, चष्मा पुसायचा, आणि एकेक काटा बोटांनी उपसून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा.

"अगं बाई, बघ तरी एल्व्हिया," निकोलासा तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "तुझा नवरा मासा खातोय की काट्यांची हजेरी घेतोय? काय रे कचाको, सगळे आलेत का वर्गात? गैरहजर कोण आहे?"

"आई, जेवू दे ना त्याला," एल्व्हिया म्हणाली.

"मी कुठे नको म्हणतेय? पण हा असाच जेवत राहिला तर येशू परत उठेल, स्वर्गात जाईल, आणि याचा मासा अर्धाच संपलेला असेल!"

आपल्याच बोलण्यावर ती हसली. डोकं मागे टाकून, पोट धरून, तिच्या सवयीप्रमाणे. आणि हसता हसता एकदम थांबली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तिचा हात गळ्याशी गेला. डोळे मोठे झाले. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि जे काही अडकलं होतं ते आणखी आत रुतलं.

"काटा?" एल्व्हियानं विचारलं.

निकोलासानं होकारार्थी मान हलवली. बोलायला गेली तर घशात कोणी खिळा ठोकावा तशी कळ आली. श्वास येत होता, पण थुंकी गिळली तरी डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग जे सगळे करतात ते सुरू झालं. एल्व्हियानं भाताचा गोळा करून दिला, न चावता गिळायचा म्हणून. तो गेला, काटा तिथंच. पिकलं केळं दिलं, तेही गेलं. लिंबू पिळून दिलं, त्यानं नुसती आग झाली. एल्व्हियानं पाठीवर थापा मारत घशाच्या संताला, संत ब्लासला, हाका मारल्या, "बाबा ब्लास, माझ्या आईचा घसा सोड रे!" संत ब्लासला बहुधा त्या दिवशी बरीच कामं होती. नदीकाठच्या प्रत्येक घरात तेच जेवण होतं.

आर्सेनियो टोपी घालून बाहेर पडला. दवाखान्याला कुलूप. धक्क्यावर नावाडी सावलीत पत्ते खेळत बसलेले. मोठं इस्पितळ नदीच्या खालच्या अंगाला, होडीनं दोन-अडीच तासांवर.

"आज नाही मास्तर," त्यातला एक म्हणाला. "आज नदीवर होडी घातली तर परत येत नाही. अगदीच जीव जायची वेळ आली तर सांगा, मग बघू. पण श्वास घेतायत ना बाई?"

"घेतायत."

"आणि बोलत नाहीयेत?"

"नाही."

नावाड्यानं पत्त्यांवरून मान वर करून आर्सेनियोकडे पाहिलं. हसायचं की छातीवर क्रूस काढायचा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं दोन्ही केलं.

आर्सेनियो परतला तो शेजारच्या दियोसेलिनाला घेऊन. ही एल्व्हियाची धर्ममाता, तिची 'निना', आणि निकोलासाची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या, धर्माच्या विहिणी. चांदीची केसाएवढी तार वळवून कानातली आणि पदकं घडवणं हे दियोसेलिनाचं काम. तिच्याकडे वीतभर लांब, सुईसारख्या टोकाचे चिमटे होते, आणि साठी उलटली तरी हात स्थिर होता.

तिनं निकोलासाला अंगणाच्या कडेला खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. पण दुपारपासून आभाळ भरून आलेलं, उजेड राखेसारखा. वीज तर सकाळीच गेली होती. त्या वर्षी धरणं आटली होती, देशभर रोज कित्येक तास दिवे नसत. घरातल्या मोठ्या टॉर्चचे सेल असेच वापरून वापरून संपलेले.

"काही दिसत नाही," दियोसेलिना म्हणाली. "काळोख आहे नुसता. कोमाद्रे, आयुष्यभर बोललीस ते सगळं आत साठवून ठेवलंयस की काय?"

निकोलासानं डोळ्यांनीच उत्तर दिलं. ते चांगलं नव्हतं.

एल्व्हियानं आरसा धरून पाहिला, ढगाळ उजेड आरशात येऊन तिथंच मेला. मेणबत्ती आणली. ती तोंडाजवळ नेली तर आत दिसायच्या आत निकोलासाच्या कपाळावरचे केस चर्र झाले आणि घरभर जळका वास पसरला.

तेव्हा आर्सेनियो म्हणाला, "सासूबाईंच्या किल्ल्यांना बॅटरी आहे."

निकोलासाच्या गोडाच्या कपाटाची किल्ली ज्या कडीला होती, त्याच कडीला एक बॅटरी लटकत असे. करंगळीएवढी, निळ्या रंगाची, अॅल्युमिनियमची. मागल्या नाताळात आर्सेनियो डोंगरातून येताना ती तिच्यासाठी घेऊन आला होता, अंधारात कुलूप सापडायला बरं म्हणून. तिनं धक्क्यावर सगळ्यांना दाखवली होती. "बघा, लोकांचे जावई सोन्याची साखळी आणतात, माझ्यानं काजवा आणलाय!" मग ती किल्ल्यांचा जुडगा टेबलावर भिरकवायला लागली, रोज, काम संपलं की. कपाट उघडताना ती बॅटरी मुठीत धरून किल्ली फिरवायला मात्र सोयीची होती. पेटते की नाही हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आर्सेनियोनं तिची पुढची टोपी फिरवली. बॅटरी पेटली, डोळा मिचकावल्यासारखी, आणि विझली. हलवली की पेटायची, थांबवली की जायची. त्यानं तळहातावर आपटली. लखकन पेटली, गेली.

"सेल गेलाय," एल्व्हिया म्हणाली.

"सेल गेला असता तर मंद लागली असती. ही पेटते तेव्हा चांगली पेटते." त्यानं बॅटरी कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी किणकिणत होतं. "बल्ब सैल झालाय."

तो टेबलाशी बसला. एल्व्हियानं बशा बाजूला सरकवल्या. त्यानं पुढची टोपी फिरवून काढली, मग काचेची वाटी. आत पांढऱ्या प्लास्टिकच्या बैठकीवर तांदळाच्या दाण्याएवढा बल्ब होता, त्याला केसासारखे दोन तारेचे पाय, आणि ते पाय दोन छिद्रांत खोवलेले. एक पाय वाकडा होऊन छिद्राबाहेर आला होता.

आर्सेनियोनं नखानं बल्ब उचलला. बल्ब निसटला.

"हलू नका कोणी!" तो ओरडला.

एल्व्हिया एका पायावर तशीच उभी राहिली. दियोसेलिना भिंतीला टेकली. आर्सेनियो गुडघ्यांवर येऊन विटांच्या जमिनीवर तळवे फिरवायला लागला. आणि निकोलासा, जिला बल्ब कुठे गेला ते दिसलं होतं, ती खुर्चीत बसून हातवारे करायला लागली.

"काय आई? पाणी?"

निकोलासानं नकारार्थी मान हलवली आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

"भूक लागली? आत्ता?"

निकोलासानं डोळे मिटले. आयुष्यात प्रथमच तिच्याजवळ सांगण्यासारखी खरी गोष्ट होती आणि आवाज नव्हता. ती उठली, ताडताड टेबलापाशी गेली, आणि पपईच्या मुरंब्याच्या बशीवर बोट रोखून उभी राहिली. आर्सेनियो वाकला. केशरी पाकात, एका फोडीच्या कुशीत, तो दाणा रुतून बसला होता.

"देवा, आपले उपकार," आर्सेनियो म्हणाला. त्यानं बल्ब चमच्यानं उचलला, पाण्यात बुडवला, सदऱ्याच्या टोकानं टिपला. पण त्या इवल्या पायांना सरळ करायला त्याची बोटं जाड पडत होती. एकदा धरला, निसटला. दुसऱ्यांदा धरला, पाय आणखी वाकला. त्याच्या कपाळावर घाम आला. तो दियोसेलिनाकडे वळला.

"आपला चिमटा मिळाला तर..."

दियोसेलिनानं आपले हात पाठीमागे घेतले. मग हळूच म्हणाली, "चिमटा मी परवाच पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. आज हत्यार धरायचं नाही, पोरा. माझी आई सांगायची, या दिवशी हत्यार धरणाऱ्याचे हात वर्षभर थरथरतात. माझं पोट या हातांवर आहे. मला वाटलं, उजेडात काटा दिसेल, बोटानं निघेल. चिमटा नको लागायला."

"बोटानं कसा निघेल, निना?" एल्व्हिया रडवेली झाली. "इतका आत आहे. उद्यापर्यंत सूज आली तर?"

दियोसेलिनानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती वाईट बाई नव्हती, खरंच घाबरली होती. निकोलासाला ते दिसत होतं. बोलता येत असतं तर ती काय म्हणाली असती हेही तिला ठाऊक होतं. तिनं मैत्रिणीला फाडून खाल्लं असतं, मैत्रीण रडत घरी गेली असती आणि चिमटा कुलपातच राहिला असता.

बोलला तो आर्सेनियो. बल्ब तळहातावर तसाच धरून, वर्गात एखाद्या रुसलेल्या मुलाशी बोलावं तसा.

"दियोसेलिनाबाई, आजच्या दिवशी येशूच्याही डोक्यात काटेच रुतले होते ना? कोणी काढायला आलं असतं, तर आज कोणता वार आहे असं त्यानं विचारलं असतं का?"

दियोसेलिनानं छातीवर क्रूस काढला, पदर सावरावा तशी खांद्यावरची ओढणी ओढून घेतली आणि बाहेर पडली. ती गेली ती रागावून गेली की काय, हे कोणालाच कळेना. थोड्या वेळानं ती परत आली तेव्हा हातात लाकडी पेटी होती आणि डोळ्यांवर कामाचा जाड भिंगाचा चष्मा.

"वर गेल्यावर विचारलं तर तुझं नाव सांगेन, कचाको," ती म्हणाली.

"जरूर सांगा."

तिनं एक बारीक चिमटा त्याच्या हातात दिला आणि बाजूला बसली. तिनं तो बल्ब स्वतः चुटकीसरशी बसवला असता, पण आर्सेनियो एवढा त्यात बुडाला होता की तिनं मध्ये हात घातला नाही. त्यानं चिमट्यानं वाकडा पाय सरळ केला. दोन्ही पाय छिद्रांत घातले, बॅटरी बंद केली, फिरवली. पेटली. त्यानं हलवून पाहिली. विझली.

पुन्हा उघडली. आता त्यानं पाय किंचित फाकवले, म्हणजे छिद्रात धरून बसतील. पेटली, आणि हलवल्यावर तग धरून पुन्हा गेली. "छिद्र मोठं झालंय," तो स्वतःशीच पुटपुटला. "पाय आत खेळतोय." तो इकडेतिकडे पाहायला लागला, खिसे चाचपले, टेबलाखाली वाकला, आणि मग एकदम एल्व्हियाला म्हणाला, "आपला भाऊ मागल्या खेपेला आला होता, त्याचं सिगारेटचं पाकीट राहिलं होतं ना कपाटावर?"

पाकिटातला चंदेरी कागद त्यानं काढला. त्याची केसाएवढी पट्टी कापायची तर कात्री हवी होती. आज कात्रीही नको म्हणून त्यानं ती दातांनी फाडली. पहिली जाड झाली. दुसरी तुटली. पुढची त्यानं चिमट्यात धरून पायाभोवती एक वेढा दिला, आणि पाय छिद्रात दाबला. तो दाबताना त्याची जीभ दातांत आली होती, पहिलीतल्या मुलाची पहिला आकडा काढताना येते तशी.

निकोलासा त्याच्याकडे बघत होती. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून बघत होती. तिला आठवेना, याच्याकडे इतका वेळ आपण शेवटचं कधी पाहिलं होतं. बहुतेक कधीच नाही. त्याच्या कानामागे पांढरे केस आले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

बॅटरी पेटली. त्यानं हलवली. पेटलेलीच राहिली. टेबलावर ठोकली. राहिली. पिवळा, गोल, नाण्याएवढा उजेड भिंतीवर स्थिर उभा राहिला आणि एल्व्हियानं हुंदका दिला.

मग सगळं भराभर झालं. चिमटे उसाच्या दारूत बुडवले. एल्व्हियानं चमच्याच्या मागल्या बाजूनं जीभ खाली दाबली. दियोसेलिना समोर वाकली. आर्सेनियोनं मनगट निकोलासाच्या गालावर टेकवलं आणि उजेड आत सोडला.

"आ करा सासूबाई. मोठा आ. शाब्बास. आता नाकानं श्वास. छान, फार छान करताय आपण."

आयुष्यात निकोलासाला कोणी 'शाब्बास' म्हटलं नव्हतं. तशा स्थितीतही तिला हसू यायला लागलं.

"दिसला!" दियोसेलिना म्हणाली. "डाव्या बाजूला, घशातल्या गाठीच्या मागे. आडवा रुतलाय मेला."

पहिल्यांदा चिमटा घातला आणि निकोलासाला ओकारी आली, चिमटा, चमचा सगळं बाहेर काढावं लागलं. दुसऱ्यांदा टोक काट्याला लागून घसरलं. कळ अशी गेली की तिनं दियोसेलिनाचं मनगट पकडलं आणि मान फिरवली.

"हलू नकोस, निकोलासा!" आर्सेनियो ओरडला.

एल्व्हियाच्या हातातला चमचा पडता पडता राहिला. त्या घरात आर्सेनियोनं कोणाला 'तू' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं, मग सासूला नावानं हाक मारणं तर दूरच. निकोलासा दचकली आणि दगडासारखी स्थिर झाली. त्याचा हात गालावर होता, गरम, घामेजलेला, आणि तो थरथरत नव्हता. उजेडही नाही.

दियोसेलिनानं श्वास रोखला. चिमटा आत गेला, बंद झाला, आणि सावकाश, एका रेषेत, मागे आला.

काटा तिनं तळहातावर ठेवला. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा, टोकाला दुभंगलेला, थोडं रक्त लागलेला. चौघांनी तो पाहिला. एवढासा.

निकोलासानं थुंकी गिळली. दुखलं, सालटं निघाल्यासारखं झालं, पण आत काही टोचलं नाही. तिनं पुन्हा गिळून पाहिलं, खात्री करायला. मग एल्व्हियानं कोमट पाणी आणलं, मध घालून, आणि ते पाणी घशातून खाली उतरत गेलं तसं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाणी पिणं किती सुखाचं असतं! रोज घागरी भरभरून आणलेलं, सांडलेलं, शेजारणीला ओरडून दिलेलं पाणी. कधी एकदाही लक्षात आलं नव्हतं.

तिनं दियोसेलिनाचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेका बोटाचा मुका घेतला.

"पुरे गं," दियोसेलिना म्हणाली, पण तिनं हात काढून घेतले नाहीत. ती स्वतःच रडत होती. "थरथरतायत का बघ. थरथरतायत?"

निकोलासानं ते हात उजेडात धरून नीट पाहिले आणि ठामपणे मान हलवली. नाही.

आर्सेनियो मात्र कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता. चेहरा लाल. "सासूबाई, मगाशी माझ्या तोंडून... मला क्षमा असावी. घाईत आपल्याला नावानं..."

निकोलासा त्याच्यासमोर गेली. तिच्याकडे आवाज नव्हता, एक खरखरीत कुजबुज होती, आणि तीही दुखत होती. तरी तिनं ती त्याच्यासाठी काढली.

"पोरा," ती म्हणाली, "देव तुझं भलं करो." थोडं थांबून, पुन्हा गिळून, "तुझ्या आईचंही. तिनं तुला जन्म दिला म्हणून."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काही नाही सासूबाई," तो म्हणाला. "बल्ब जरा सैल होता, इतकंच."

संध्याकाळी मिरवणूक घरावरून गेली. ढोल हळूहळू वाजत होता, जांभळ्या झग्यातले पुरुष येशूच्या मूर्तीचं मखर खांद्यावर घेऊन दोन पावलं पुढे आणि एक मागे टाकत चालले होते. निकोलासा दारात मेणबत्ती घेऊन उभी राहिली. दरवर्षी ती या वेळी देवाला बरंच काही मागायची. पाऊस लवकर पडू दे, साखर स्वस्त होऊ दे, एल्व्हियाला मूल होऊ दे, पलीकडच्या घाटावरच्या मिठाईवालीचा पाक करपू दे. या वर्षी मखर समोर आलं आणि तिला मागायला काही सुचेना. काट्यांचा मुकुट घातलेल्या त्या लाकडी चेहऱ्याकडे ती बघत राहिली. 'तुझे कोणी काढले नाहीत,' तिच्या मनात आलं, 'माझा काढलास.' मिरवणूक वळणाआड गेली तरी ती उभीच होती, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. निकोलासा गप्प उभी आहे, बघितलंत का?

दियोसेलिनानं ताकीद दिली होती की जखम भरेपर्यंत बोलायचं नाही. एल्व्हियानं ती ताकीद कडकपणे राबवली. म्हणून शनिवारी निकोलासा धक्क्यावर गेली नाही. तिनं दियोसेलिनाकडे गोडाचं सर्वात मोठं पातेलं पाठवलं. एल्व्हिया ते डोक्यावर घेऊन गेली. मग पातळ पेज पिऊन निकोलासा डुलत्या खुर्चीत बसून राहिली, बाहेर, भिंतीच्या सावलीत. गप्प बसल्यावर घर निराळंच ऐकू येत होतं. एल्व्हिया पाणी ओतताना गुणगुणायची. कौलात कुठेतरी चिमण्यांचं घरटं होतं. आणि आर्सेनियो वह्या तपासताना अधूनमधून स्वतःशी हसायचा.

दुपारी तो शेजारी येऊन बसला, हातात वह्या घेऊन. काही बोलायचं म्हणून म्हणाला, "असं आभाळ भरलं की मला घरची आठवण येते, सासूबाई. आमच्याकडे धुकं येतं. हाताची बोटं दिसत नाहीत."

ती त्याच्याकडे वळली.

"लहान असताना एकदा अशा धुक्यात आमची गाय हरवली होती. एकच गाय. वडील खालच्या गावी गेलेले. आई म्हणाली, तुम्ही घरी थांबा, मी बघते. आणि निघाली. मी काही थांबलो नाही, तिच्या मागोमाग गेलो. थोड्या वेळानं आईही दिसेना, गायही नाही. फक्त घंटेचा आवाज. कधी डावीकडून, कधी उजवीकडून..."

तो थांबला. तिला कंटाळा आला असेल असं त्याला वाटलं असावं. या घरात त्याचं वाक्य सहसा याच जागी तुटायचं. त्यानं वरची वही उघडली आणि लाल पेन काढलं.

निकोलासानं खुर्ची पुढे ओढली. विटांवर खुर्चीचे पाय खरखरले. तिनं हात लांब करून त्याच्या मांडीवरची वही मिटली.

"मग?" ती कुजबुजली. "गाय मिळाली का?"

आतून एल्व्हिया ओरडली, "आई! बोलायचं नाही म्हटलंय ना!"

"नाही बोलत," निकोलासा कुजबुजली, आणि जावयाला म्हणाली, "तू बोल."